दोन पोरांच्या मालिका

टीव्हीवर ती दोन पोरं दिसली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मुक्ताचं असंल ते.” मुक्ता म्हणजे माझी बायको. तिला जाऊन चौदा महिने झाले. पितृपंधरवडा चालू होता, नवमीला दोन दिवस राहिले होते, आणि तयारीसाठी सोनईहून माझी थोरली बहीण रतनबाई, म्हणजे आमची आक्का, आली होती, पुण्याहून मुलगा अमृत आणि सून अश्विनी आले होते. आक्काला दुपारचं भजन ऐकायचं होतं म्हणून अमृतनं रिमोट घेतला. टीव्ही लागला आणि भजनाच्या आधी, आपण अर्धवट सोडलेलं जे असतं, ते पुढं बघा म्हणून टीव्ही आपणहून दाखवतो, ते आलं. गच्चीवर दोन तरुण पोरं, कपाळाला कपाळ लावून उभी. चित्राच्या खाली लाल रेघ, निम्म्यापर्यंत गेलेली. ती रेघ माझी होती. आदल्या दिवशी मी निम्मा भाग बघितला होता आणि दुकानात कोणी हाक मारली म्हणून उठलो होतो.

“ही कोन पोरं?” आक्का म्हणाली. “आन् अशी काय उभी हायती? भांडत्यात का?”

अश्विनी खोकली. अमृत पटकन बटण दाबायला गेला तर चुकीचं दबलं आणि चित्र मोठं झालं, आवाजसुद्धा आला. एक पोरगा दुसऱ्याला हिंदीत म्हणत होता की तू गेलास तर मी इथंच उभा राहीन. अमृतनं टीव्ही बंद केला. “अण्णा, हे काय आहे?” त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी दुकानातला बल्ब फोडला होता तेव्हा असेच झाले होते. तेव्हा मी त्याला विचारत होतो, आता तो मला विचारत होता, आणि मी म्हणालो, “मुक्ताचं असंल ते.” त्यानं रिमोट खाली ठेवला. मेलेल्या माणसाला पुढं कोण विचारणार. मी उठून दुकानात गेलो.

माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, श्रीरामपुरात, घराच्या पुढच्या खोलीतच. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी येतात. जुनी तार काढायची, कागद घालायचा, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश द्यायचं, वाळवायचं. या कामात बोललेलं चालत नाही. तारेचे वेढे मनात मोजावे लागतात आणि मध्येच कुणी बोललं तर मोज चुकते, मग सगळं उकलून पहिल्यापासून. म्हणून मुक्ता दुकानात आली की आधी माझ्या ओठांकडं बघायची. ओठ हलत असले तर चहा ठेवून माघारी जायची. नवीन लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तिला तसं सांगितलं होतं. पुढं तिला काही सांगायचं असायचं आणि ती दारात थांबायची, ओठ बघायची, जायची. काय सांगायचं होतं ते मी संध्याकाळी विचारायला विसरायचो. त्या दिवशी मी तार घेऊन बसलो आणि तीनदा मोज चुकली. दारात कोणी नव्हतं. आत आक्काचा आवाज येत होता, शेजारच्या केशरबाईला ती भिंतीवरून सांगत होती, “मुक्तीचं डोकं गेलं हुतं बया शेवटाला. आजारानं. न्हाईतर अशी नव्हती ती. काय बघत बसायची, पोरं पोरं.” मी उठून खरं सांगायला पाहिजे होतं. वार्निशचा डबा उघडा होता, त्याचा वास डोक्यात गेला आणि मी बसून राहिलो. बसून राहण्यात माझा हातखंडा आहे.

तिच्या किडन्या गेल्या तेव्हा आठवड्यातून दोनदा मशीनवर जावं लागायचं, एका वेळेला चार तास. तीन वर्षं आम्ही गेलो. ती पलंगावर, डावा हात मशीनला, मी स्टुलावर. छत्तीस वर्षांच्या संसारात चार तास समोरासमोर बसायची पाळी कधी आली नव्हती. पहिल्या महिन्यात आमचं बोलणं अर्ध्या तासात संपायचं. गॅस बंद केला का, कडी लावली का, अमृतचा फोन आला होता का. मग ती छताकडं बघायची आणि मी मशीनवरचे आकडे बघायचो. मशीन सांभाळणारी पंकजा नावाची पोरगी होती, बेलापूरची, तिला आमची दया आली असावी. एक दिवस तिनं मुक्ताच्या मोबाईलवर काहीतरी लावून दिलं. “काकू, बघा बरं. सासू-सुनेची नाहीय, वेगळीय. थायलंडची. हिंदीत केलीय.” इअरफोन एकच होता. एक बोंडूक तिच्या कानात, एक माझ्या. वायर आखूड असल्यानं मला स्टूल पलंगाला चिकटवून घ्यावं लागलं.

आता माझी चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं खोटं वाटेल. तीन भाग होईपर्यंत मला वाटत होतं की यातल्या एकाची बहीण येणार आहे. दोन पोरं, एकाच खोलीत राहतात, एक दुसऱ्याचे बूट पुसून ठेवतो, जेवण राखून ठेवतो. मी म्हणालो, “मुलगा चांगला हाय, हा आपल्या बहिणीसाठी त्याला बघून ठेवतोय.” आमच्याकडं सोयरीक अशीच जमते, आधी पोराची पारख होते. चौथ्या भागात मी म्हणालो, “बहीण कधी यायची?” मुक्तानं माझ्याकडं मान वळवली. “आवो, बहीण न्हाई यायची. ही ह्या दोघांचीच गोष्ट हाय.” मी म्हणालो, “दोघांची म्हंजी?” ती म्हणाली, “दोघांची म्हंजी दोघांची.” तिला पहिल्याच भागात कळलं होतं. मी बोंडूक काढलं आणि बाहेर जाऊन चहा घेतला. परत आलो तेव्हा बोंडूक तिनं माझ्या स्टुलावर ठेवलं होतं, त्यावर रुमाल टाकून. मी बसलो. उठून कुठं जाणार होतो, दोन तास राहिले होते.

सांगायचं म्हणजे मी तिच्यासाठी बसलो, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. ते खरं पहिल्या आठवड्यापुरतं. मग एका भागात एक पोरगा दुसऱ्याला विचारतो, हात धरू का? दुसरा तापानं पडलेला. हा पलंगापाशी बसून विचारतो. आधी विचारतो, मग धरतो. मुक्ता हसली. म्हणाली, “बघा, कसा इचारतोय. हिकडं छत्तीस वर्षांत कोनी इचारलं न्हाई.” ती चेष्टेत म्हणाली होती. मी मशीनकडं बघितलं. मग म्हणालो, “धरू का?” म्हणाली, “तो न्हाई, तो मशीनचा हाय. उजवा.” मी उजवा धरला. तिचा हात थंडगार असायचा मशीनवर, रक्त बाहेर फिरून यायचं त्यामुळं. पंकजा येऊन आकडे लिहून गेली. मी लाजलो होतो, पण सोडला नाही. पुढच्या खेपेपासून तो हात तीच आधी बाहेर काढून ठेवायची. मला कुणी म्हणालं, की त्या मालिका घाणेरड्या आहेत, तर मी त्याला विचारीन, तुझ्या चांगल्या मालिकांनी तुला काय शिकवलं? आजारी माणसाचे केस धुताना डोळ्यावर हात आडवा धरायचा, हे मी त्या पोरांकडून शिकलो. पेज चमच्यानं भरवायच्या आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून बघायचा, हेही. मला माझ्या बापानं मोटार उघडायला शिकवली. बाकीचं शिकवायला त्याला स्वतःला येत नव्हतं.

तीन वर्षांत आणि वर चौदा महिन्यांत मी पन्नासच्या आसपास मालिका बघितल्या आहेत, त्यामुळं मत सांगायचा मला हक्क आहे. सगळ्या चांगल्या नसतात. थायलंडवाल्यांची पोरं सगळी इंजिनिअरिंगला असतात, पण एकाच्याही नखात ग्रीस नसतं. कोणी पाना धरलेला मी आजवर बघितला नाही. रडता रडता मध्येच एकजण तोंडाला लावायची क्रीम काढतो आणि तिचे गुण सांगतो, मग पुन्हा रडतो. कोरियाच्या आखूड असतात, आपण नीट बसेपर्यंत संपतात. जपानच्या मुक्ताला सगळ्यात आवडायच्या. सहा सहा भाग कुणी काही बोलत नाही, एकजण दुसऱ्यासाठी डबा करतो आणि दुसरा तो शेवटच्या शितापर्यंत खातो. ती म्हणायची, “ह्यांचं आपल्यासारखं हाय.” चीनवाल्यांना सरकार उघड बोलू देत नाही. त्यांची पोरं बारा महिने मित्रच असतात, लांब केस, तलवारी, पण एकमेकांकडं बघतात ते असं, की आंधळ्यालाही कळावं. जुन्या काहींमध्ये एक पोरगा दुसऱ्यावर जबरदस्ती करतो आणि मागं गाणं वाजतं. मुक्ता ती तिथंच बंद करायची. “हे लाड न्हाईत. पोरीबरोबर केलं असतं तरी हेच म्हनले असते मी.” आणि कुठलीही मुलगी आली की ती खोटारडी, कपटी, दोघांमध्ये आग लावणारी. त्याचा तिला फार राग. “तिनं काय घोडं मारलंय ह्यांचं? तिला बी कुनीतरी आवडलं एवढंच ना?” मलाही ते पटतं. जे लिहितात त्यांनी एवढं सुधारावं.

आणि पाणी. त्या मालिकांमध्ये सारखे पाणी पितात. फ्रीज उघडायचा, बाटली काढायची, उभ्या उभ्या गटागटा प्यायची. मुक्ताला दिवसाला दोन पेले पाणी होतं, औषधासकट. ती त्या पोरांच्या गळ्याकडं बघायची. मी एकदा मोबाईल बाजूला करायला गेलो तर म्हणाली, “राहू द्या. कुनीतरी पितंय तेवढंच.” लोक म्हणतात, बायकांना त्या पोरांचं रूप आवडतं. असेल. माझी बायको त्यांचं पाणी पिणं बघत होती. शेवटी शेवटी तिनं एक नियम केला. नवीन मालिका लावली की आधी तिनं एकटीनं शेवटचा भाग बघायचा. दोघं जिवंत असले तर पहिल्यापासून लावायची, नाहीतर सोडून द्यायची. अशा सात-आठ सोडल्या. ती गेली तेव्हा एक मालिका आठव्या भागावर होती, चार राहिले होते. माणसांना वाटेल मी ती जपून ठेवली असेल. नाही. तेराव्याचे पाहुणे गेले त्या दुपारी मी चारही भाग बघितले. भिकार होते. उगाच दोघांना वेगळं केलं, दोन वर्षांनी विमानतळावर भेटवलं. मुक्तानं शेवटचा भाग आधी बघितलाच होता, तरी मला म्हणाली होती, “चांगली हाय.” मला आवडावी म्हणून म्हणाली असेल. मी रागानं टीव्ही बंद केला आणि दुसऱ्या दिवशी नवीन लावली. तेव्हापासून बघतोय. दुपारी जेवण झाल्यावर, दुकानाचं शटर अर्धं ओढून. एकच भाग. या चौदा महिन्यांत देवळात कमी गेलो असेन, यात खंड नाही.

लोकांना कारण लागतं. तुमच्या घरात कोणी तसं आहे का, असं विचारतील. माझ्या माहितीत नाही. असतं तर सांगितलं असतं. पण एक गोष्ट आहे जी मी मुक्तालाही सांगितली नव्हती, आणि मग एक दिवस मशीनपाशी सांगितली. लग्नाआधी मी मिरजगावला मामाकडं राहून काम शिकत होतो. तिथं स्टँडजवळ दोघांचं पंक्चरचं दुकान होतं. दोघं तीस वर्षं एकत्र राहिले. एकच चूल, एकच सायकल. गाव त्यांना जोडी म्हणायचं आणि डोळा घालायचं, पण पंक्चर त्यांच्याकडंच काढायचं. त्यातला एक उन्हाळ्यात वारला. त्याचे पुतणे आले, उचलून घेऊन गेले. दुसरा मागून चालत होता, बराच मागून, टोपी हातात धरून. त्याला कुणी खांदा दे म्हणालं नाही. दहाव्याला त्याला कुणी पाट दिला नाही, डोक्यावर टॉवेल टाकला नाही. आम्ही पोरं स्टँडवर उभी होतो. कुणीतरी म्हणालं, “विधवा चालली बघ,” आणि आम्ही हसलो. मी पण. चांगला मोठ्यानं हसलो. मुक्तानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “त्याला मंग जेवायला कुनी घातलं?” मला माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत मला तो प्रश्न पडला नव्हता. ती गेल्यावर मला पाट मिळाला, टॉवेल मिळाला, गल्लीतून आळीपाळीनं डबे आले, बायका म्हणाल्या, भाग्याची होती, अहेव गेली. नवऱ्याच्या आधी गेली म्हणून भाग्याची. मी पाटावर बसून त्या माणसाचा विचार करत होतो आणि लोकांना वाटलं मी मुक्ताचा करतोय.

हे सगळं डोक्यात असताना मी टीव्हीपुढं उभा राहून म्हणालो, “मुक्ताचं असंल ते.”

अष्टमीला मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. अश्विनी मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अण्णा, ती गच्चीवरची मालिका या मे महिन्यात आलीय.”

मी पेला ठेवला.

“आईंना जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते,” ती म्हणाली. “ऑफिसातल्या मुली बघतात म्हणून माहितीय. मी कुणाला सांगणार नाही, काळजी करू नका.”

ती चांगल्या मनानं म्हणाली. त्यामुळंच मला ते जास्त लागलं. आमच्यात आता एक झाकलेली गोष्ट झाली होती आणि झाकण म्हणून मुक्ता वापरली होती. मी म्हणालो, “आक्का काय ठरवतीय?” अश्विनीनं देठ मोडला. “आत्यांचं म्हणणं आहे की आईंच्या मनात असलं काहीतरी राहिलं असेल तर त्यांना गती मिळणार नाही. उद्या तुम्ही पानापाशी आईंच्या वतीनं माफी मागायची. आणि अमृत म्हणतोय की तो आईंचं त्या मालिकांचं खातंच काढून टाकतो. मोबाईलपण पुसून घेतो.” तिनं दुसरी जुडी ओढली. “आत्यांनी केशरकाकूंना सांगितलंय, गल्लीत आणखी दोघींना सांगितलंय. म्हणतात, सगळ्यांना कळलंच आहे तर सगळ्यांसमोर धुऊन निघू दे.”

आमच्या घरात नवमीची एक रीत आहे. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवायला बसवतात. साडी, बांगड्या, ओटी सगळीकडं असते, तशी आमच्याकडंही असते. पण आमच्याकडं सवाष्ण पानावर बसली की आधी फक्त मीठ आणि भात वाढतात. मग घरातली थोरली बाई नवऱ्याला विचारते, तिला काय आवडायचं? तो एकेक नाव घेतो, आणि जे नाव घेईल तेवढंच पानावर येतं. आईच्या वेळी वडलांना दोनच नावं आठवली होती. दोन्ही त्यांच्याच आवडीची होती. आम्ही भावंडं खाली माना घालून बसलो होतो आणि सवाष्ण भातात मीठ कालवून जेवली. मला ते पान अजून दिसतं.

नवमीला अकराच्या सुमाराला केशरबाई आली, नवी साडी नेसून. सत्तरीची आहे, नवरा अंथरुणाला खिळलेला, पण जिवंत आहे, म्हणून सवाष्ण. मुक्ताची मैत्रीण, भिंतीवरून वाटीची देवाणघेवाण करणारी. तिच्याबरोबर गल्लीतल्या दोघी आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. त्या कशाला आल्या होत्या ते मला माहीत होतं. केशरबाई पाटावर बसली, पान मांडलं, मीठ आलं, भात आला. आक्का समोर पदर खोचून उभी राहिली. अमृत खांबासारखा दारात. त्याच्या हातात मुक्ताचा मोबाईल होता.

“बोल मच्छिंद्रा,” आक्का म्हणाली. “मुक्ताला काय आवडायचं?”

“कारळ्याची चटनी.”

अश्विनीनं वाढली.

“मेथीची भाजी, लसून जास्त घालून. तीन वर्षं तिला खायाला मिळाली न्हाई.” भाजी आली. “पातळ पिठलं. तिखट.” पिठलं आलं. “वाळवलेली बोरं. पेरूची फोड मीठ लावून. आन् गार पानी. पेला न्हाई, तांब्या भरून ठेवा.” अश्विनीनं तांब्या आणून ठेवला. केशरबाई त्याच्याकडं बघत राहिली. तिनं मुक्ताचे ते दोन पेले बघितले होते.

“झालं?” आक्का म्हणाली. “आता दुसरं म्हन. तिच्या हातनं जे वंगाळ झालं ते पदरात घ्या, म्हन.”

माझे हात जोडलेले नव्हते. मी ते मांडीवर ठेवले. मोज चुकते तेव्हा कसं होतं, आपण सतराव्यावर आहोत की अठराव्यावर हे कळेनासं होतं, तसं झालं. मला मोठ्यानं बोलायची सवय नाही.

“आवडीचं अजून झालं न्हाई,” मी म्हणालो. “तिला दोन पोरांच्या मालिका आवडायच्या. थायलंडच्या, जपानच्या. टीव्हीवर तुमी बघितली ती न्हाई. ती माझी हाय. मुक्ता गेल्यावर दहा महिन्यांनी आली ती. मी बघतोय. मी परवा तिच्यावर ढकललं, ते खोटं बोललो. माफी मागायची तर त्याची मागतो.” मी केशरबाईच्या पानाकडं बघून म्हणालो, “मुक्ता, तुझं नाव घेतलं, चुकलं माझं. बाकी कशाची माफी न्हाई.”

भिंतीपाशी एक बाई दुसरीच्या कानाला लागली.

“तू बघतो?” आक्का म्हणाली.

“रोज.”

“पोरं पोरं?”

“व्हय. पोरं पोरं. आमी दोघं शेजारी बसून बघायचो, दवाखान्यात. तिच्यामागं बघितल्या त्या धरून पन्नास मालिका झाल्या. तिचं डोकं गेलं नव्हतं, आक्का. तिचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं हुतं. तू पंचमीला यायची तवा ती तुला इचारायची, भाऊजी तुला कधी हात देत्यात का पायरी उतरताना? आठवतं का? ती हसत नव्हती. ती खरंच इचारत हुती.”

आक्काच्या तोंडावरचा रंग उतरला. तिथं मी थांबायला हवं होतं कदाचित. थांबलो नाही. “ज्यांना जायचं त्यांनी जा,” मी भिंतीकडं बघून म्हणालो. “गल्लीत सांगायचं तर नीट सांगा. मुक्तीचं डोकं गेलं म्हनू नका. मच्छिंद्र बघतो म्हना.”

“अण्णा, बास,” अमृत म्हणाला.

केशरबाईचा हात मघापासून पानावर अधांतरी होता. ती म्हणाली, “आता मला जेवू देताय का, का मी बी कशाची माफी मागू? पिठल्यावर साय धरली.” कुणी काही म्हणायच्या आत तिनं पहिला घास घेतला, मग तांब्या उचलला आणि तोंड न लावता वरून गटागटा पाणी प्याली, बराच वेळ. गळ्याची शीर हलत होती. मी बघत राहिलो. खाली ठेवून ती म्हणाली, “मला म्हाईत हुतं. मुक्ती सांगायची मला गोष्टी, भिंतीवरून. त्या डबेवाल्या पोरांची लई चांगली हुती.”

आक्का पिशवी भरायला लागली. मी तिच्यामागं आतल्या खोलीत गेलो. “आक्का, जेवून जा. पितराच्या दिवशी उपाशी जाऊ नको.”

“तुझ्या घरात मला घास जायचा न्हाई.”

“माझ्या न्हाई, मुक्ताच्या घरात.”

ती माझ्याकडं बघत उभी राहिली. आईमागं तिनंच मला वाढवलं, माझ्या पाठीत धपाटेही तिनंच घातले आणि लग्नात हळदही तिनंच लावली. मला वाटलं ती पिशवी खाली ठेवेल. तिनं ठेवली नाही. म्हणाली, “भाऊबीजेला वाट बघू नको माझी,” आणि जाऊन अमृतच्या गाडीत बसली, काच वर करून. मी तिला थांबवायला रस्त्यावर गेलो नाही. जाता आलं असतं. दोन शब्द मागं घेतले असते तर ती उतरली असती, तिच्याइतकी हळवी बाई नाही. पण ते दोन शब्द मुक्ताचे होते, माझे नव्हते. भिंतीजवळच्या दोघीही गेल्या, पण जाताना पुडीत बोरं घेऊन गेल्या. केशरबाईनं पान पुसून खाल्लं, ओटी घेतली, माझ्याकडं न बघता म्हणाली, “म्हाताऱ्याला औषध द्यायचंय,” आणि गेली. अश्विनी खरकटं काढत होती. मी जेवलो. मेथी चांगली झाली होती, मी तसं अश्विनीला सांगितलं. ती म्हणाली, “लसूण जास्त घातला होता.”

मग माझी नेहमीची वेळ झाली. मी टीव्ही लावला. गच्चीवरची दोघं आली, लाल रेघ होती तिथून पुढं चालू झाली. मी आवाज कमी केला नाही. अमृत अजून दारातच उभा होता, एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हातात आईचा मोबाईल. बाहेर गाडीत आक्का होती.

“आई खरंच बघायची?” तो म्हणाला.

“सांगितलं की.”

“मला कधी बोलली नाही.”

“तू इचारलं न्हाईस. मी बी आधी इचारत नव्हतो.”

तो मोबाईलकडं बघत राहिला. टीव्हीवर धाकटा पोरगा जिना उतरून चालला होता आणि थोरला वरून बघत होता, हाक मारावी की नाही या विचारात. असल्या ठिकाणी हे लोक फार वेळ लावतात.

“अण्णा, लोक काय म्हणतील याचा तरी...” अमृतनं वाक्य पुरं केलं नाही. मला त्याच्या तोंडाकडं बघायचं नव्हतं, मला टीव्ही बघायचा होता.

“मोबाईल तिथं फळीवर ठेव,” मी म्हणालो. “त्यातलं काय पुसायचं न्हाई. आन् बसायचं तर बस, आक्काला सोडायला जायचं तर जा. दारात उभा राहू नको, टीव्हीवर सावली पडती.”